कान दुखत नाही, पण पाच महिने वाहतोय. मुलाला कानाचा टीबी असू शकतो का?

नमस्कार. मुलगा सहा वर्षांचा आहे. गणपतीत उजवा कान वाहायला लागला, तो अजून थांबलेला नाही. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, थेंब चालूच आहेत. दोन दिवस कोरडा राहतो, की तिसऱ्या दिवशी उशीवर पुन्हा डाग. पण कान दुखतो असं तो एकदाही म्हणाला नाही, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त राहिलो. आता टीव्हीचा आवाज वाढवून बसतो, उजवीकडून हाक मारली तर वळत नाही.

नव्या ईएनटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. पडद्याला दोन-तीन छिद्रं आहेत, आत फिकट मांस वाढलंय म्हणाले. मग विचारलं, घरात कुणाला टीबी झाला होता का? सासऱ्यांचा कोर्स दिवाळीतच संपला, आणि नातू त्यांच्याच कुशीत झोपायचा. आधीच्या डॉक्टरांना हे सांगायचं मला सुचलंच नाही.

पुवाचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, छातीचा एक्स-रेही साफ. डॉक्टर म्हणतात भूल देऊन त्या मांसाचा तुकडा तपासायला काढू. घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगला असताना पोराला भूल कशाला? सासूबाई लसणाचं तेल घालू म्हणत होत्या, ते मी थांबवलं. कुणी यातून गेलंय का? काय करू?

प्रतिसाद:
ताई, तुकडा काढू द्या. माझ्या पुतणीचं असंच होतं. कानाच्या पुवात टीबीचे जंतू फार कमी असतात, त्यामुळे निगेटिव्हवर विसंबू नका. छाती साफ असूनही कानात टीबी असतो. एक मात्र आधीच बोलून घ्या: तुकड्याचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये (या द्रावणात जंतू मरतात), दुसरा सलाइनमध्ये, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघतात). आमचा सगळाच फॉर्मेलिनमध्ये गेला, कल्चर झालंच नाही आणि पोरीला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागली.

औषधं वजनावर, सहसा सहा महिने, सरकारी दवाखान्यात मोफत. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. तिचा पू थांबला, पण ऐकू पूर्ण परत आलं नाही, आम्ही फार उशीर केला होता. तोंड वाकडं दिसलं किंवा डोळा मिटेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सासऱ्यांचा टीबी औषधांना दाद न देणारा होता का, तेही फाइलमध्ये बघा. घरातल्या इतर मुलांचीही तपासणी करून घ्या.

मूळ लेखिका:
फाइल सापडली, साधाच टीबी होता. धाकटी तीन वर्षांची आहे, तिलाही नेते. सोमवारची तारीख घेतली. सलाइनचं चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलंय.