पासवर्ड, की असले सीक्रेट्स ठेवायला काय वापरता? व्हॉल्ट हा पासवर्ड-तिजोरीचा सर्व्हर झेपेल का?

अर्धवट_ऑप्स:
मंडळी, सल्ला हवाय. सात-आठ सर्व्हिसेस आहेत, सगळ्या एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचं क्लाउड), ईकेएसमध्ये (त्यांचं तयार कुबरनेटीस, म्हणजे कंटेनर चालवणारी यंत्रणा). डेटाबेसचे पासवर्ड, पेमेंटच्या एपीआय की, सगळं एन्व्ह फाइलींत (ॲपची सेटिंग्ज साध्या मजकुरात), आणि फाइली चॅटवरून फिरतात. परवा एक जण नोकरी सोडून गेला. पासवर्ड बदलू म्हटलं, तर तो कुठेकुठे घातलाय हेच कुणाला सांगता येईना. आता वरून फर्मान आलंय, व्हॉल्ट बसवा. ऑप्स बघणारा मी एकटा.
ता.क. कुबरनेटीसच्या स्वतःच्या सीक्रेट ऑब्जेक्टवर भागणार नाही का?

जुनी_किल्ली:
ता.क.चं आधी. सीक्रेटमधलं बेस६४ म्हणजे नुसतं एन्कोडिंग, कुणीही उलटवू शकतो. ईकेएस आत साठवताना एन्क्रिप्ट करतं हे खरं, पण त्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरचा कप्पा) पॉड (ॲपचे कंटेनर) उभा करायची परवानगी असलेला कुणीही ते वाचू शकतो.

व्हॉल्ट झकास आहे हो. मागाल तेव्हा डेटाबेसमध्ये तात्पुरता यूजर तयार करतं, मुदत संपली की उडवतं. पण ते पोसावं लागतं. रीस्टार्ट झालं की सील होऊन बसतं. डीफॉल्ट मांडणीत किल्लीचे ५ तुकडे, त्यातले ३ जमवल्याशिवाय उघडत नाही. केएमएसवर (एडब्ल्यूएसची किल्ल्या सांभाळणारी सेवा) ऑटो-अनसील लावाल, म्हणजे आपोआप उघडेल, ठीक. मग ऑडिट लॉगची डिस्क भरते, आणि लॉग लिहायला दुसरी जागा दिलेली नसेल तर व्हॉल्ट विनंत्यांना उत्तरच देणं थांबवतं. मुद्दाम तसंच बनवलंय, बरोबरही आहे, पण रात्री दोनला ते पटत नाही. एकट्या माणसाने या फंदात पडू नये.

तुमचं सगळं एडब्ल्यूएसवरच आहे, तर त्यांचीच सीक्रेट्स मॅनेजर सेवा घ्या. खरा प्रश्न असा की तिजोरी उघडायची पहिली किल्ली ॲपने ठेवायची कुठे? डेमोत यावर कुणी बोलत नाही. इथे पॉडला आयएएम रोल (एडब्ल्यूएसमधली परवानग्यांची ओळख) दिला की कायमची किल्लीच उरत नाही, आणि कुणी काय वाचलं ते क्लाउडट्रेल या एडब्ल्यूएसच्या नोंदवहीत दिसतं. दर सीक्रेटमागे महिन्याला पैसे लागतात, म्हणून साधं कॉन्फिग एडब्ल्यूएसच्याच पॅरामीटर स्टोअरमध्ये टाका. स्टँडर्ड प्रकारात ४ केबीपर्यंतची व्हॅल्यू फुकट.

गिटवाला:
आम्ही सॉप्स वापरतो, गिटमधल्या फाइली एन्क्रिप्ट करणारं टूल. व्हॅल्यू एन्क्रिप्ट होतात, नावं तशीच राहतात, त्यामुळे डिफ (काय बदललं ते) वाचता येतो. सर्व्हरची कटकटच नाही.

जुनी_किल्ली:
छोट्या टीमला छान. पण सोडून गेलेल्याकडे जुना क्लोन (रेपोची प्रत) असतोच, आणि कुणी काय उघडून पाहिलं याची नोंद आपोआप मिळेलच असं नाही. यांचं दुखणं नेमकं तेच आहे.

परवाना_बघा:
व्हॉल्टचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलला, आता बीएसएल आहे, म्हणजे ओपन सोर्स नाही. ओपन सोर्सच हवं असेल तर ओपनबाओ हा फोर्क (त्याच कोडवरून निघालेली वेगळी आवृत्ती) बघा, लिनक्स फाउंडेशनकडे आहे.

अर्धवट_ऑप्स:
सीक्रेट्स मॅनेजर पटतंय. एक्स्टर्नल सीक्रेट्स ऑपरेटर (बाहेरचं सीक्रेट कुबरनेटीसमध्ये आणून ठेवणारा) लावला तर पासवर्ड बदलल्यावर ॲपला आपोआप कळेल ना?

जुनी_किल्ली:
नाही. ऑपरेटर सीक्रेट बदलेल, पण पॉडमधला एन्व्ह व्हेरिएबल रीस्टार्टपर्यंत जुनाच राहतो. फाइल म्हणून माउंट करा, ती थोड्या वेळाने बदलते. मात्र सबपाथ (माउंटमधली एकच फाइल जोडणं) वापरलात तर तीही नाही. आणि डेटाबेसला दोन यूजर ठेवून आलटूनपालटून त्यांचे पासवर्ड बदला, म्हणजे जुना पासवर्ड धरून बसलेले पॉड मध्येच पडणार नाहीत. पेमेंटची की शेवटी घ्या, ती बहुधा त्यांच्या पोर्टलवर जाऊन हातानेच बदलावी लागेल.