धड डोळ्यावरच पट्टी कशाला? (मुलगी सव्वापाच वर्षांची)

आर्याची_आई, कोरेगाव
आर्या मोठ्या गटात आहे. शाळेत आरोग्य पथक आलं होतं, त्यांनी एकेक डोळा झाकून चित्रं विचारली. उजवा झाकल्यावर ही गप्पच. आम्हाला वाटलं, लाजली. त्याआधी एका चष्म्याच्या दुकानात मशीनवर बघून 'काही नाही, टीव्ही कमी करा' एवढंच सांगितलं होतं.

मग साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तीन दिवस डोळ्यांत मलम घालायला दिलं. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की ती उन्हात अंगणातही येईना. त्यानंतर नंबर काढला: उजवा +१.५, डावा +५. म्हणाले, डावा डोळा आळशी झालाय. दोन महिने नुसता चष्मा लावला, डाव्याचं ६/६० वरून ६/३६ झालं (खालचा आकडा सहाच्या जितका जवळ, तितकी नजर चांगली). आता उजव्यावर, म्हणजे धड डोळ्यावर, रोज सहा तास पट्टी.

पट्टी लावली की चाचपडते, रडते, अर्ध्या तासात ओढून काढते. सासूबाई म्हणतात, "चांगल्या डोळ्याला बांधून ठेवताय, तोही घालवाल." दिसायला डोळे सरळ आहेत, लाल नाहीत, पाणी नाही. नणंदेचे यजमान म्हणतात, ऑपरेशन करून एकदाचं मोकळं व्हा. कुणी यातून गेलंय का?

बेदाणा_आजी, सावळज (ता. तासगाव)
अगं, तुझ्या सासूबाईंच्या जागी मी होते, म्हणून लिहिते. नातू तेव्हा सहाचा, आता चौथीत आहे.

माझी २२ वर्षं अंगणवाडीत गेली. पोरांची वजनं केली, दंडाचे घेर मोजले, पण एक डोळा झाकून बघावं हे घरच्या पोराच्या बाबतीतही सुचलं नाही. पोर तक्रार करतच नाही गं. त्याला जन्मापासून तेवढंच माहीत. एका डोळ्यावर पळतं, झाडावर चढतं, सुईत दोरासुद्धा ओवून देतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी मला समजावलं की दोन डोळ्यांत नंबराचा एवढा फरक असला की मेंदूकडे एक चित्र स्वच्छ जातं, एक धूसर. मेंदू धूसर घ्यायचंच सोडून देतो. मला हे बैलजोडीवरून कळलं. एक बैल सगळं ओढतोय म्हटल्यावर दुसरा नुसता जू मिरवतो. ओढणाऱ्याला सोडून ठेवल्याशिवाय दुसरा खांदा लावणार नाही.

एवढं कळूनही मी काय करावं? सून बेदाण्याच्या शेडवर गेली की पट्टी काढायची, ती यायच्या आधी परत चिकटवायची. पोराची दया यायची ना. तीन महिन्यांनी तपासलं तर एक ओळ पुढं नाही. डॉक्टरांनी सुनेला विचारलं, पट्टी रोज लावता ना? तोवर पोरगंच बोललं, "आई लावते, आजी काढते." येताना एसटीत सून माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पट्टीचं खातं माझ्याकडं. बेदाण्याची घमेली पुढ्यात ठेवायची आणि काड्या, काळे मणी वेचायला लावायचे. वाटीला एक रुपया. पहिल्या आठवड्यात काळे तसेच ठेवून चांगले हिरवेच उचलून टाकायचा, मी काही बोलले नाही. दिवाळी आली तोवर देठाची केसाएवढी काडीही त्याच्या नजरेतून सुटेना. वर्षभरात ६/९ झालं.

पट्टी कातडीला चिकटणारीच घ्या आणि तिच्यावरून चष्मा. चष्म्याच्या काचेला फडकं लावलं तर पोरं कोंबडीसारखी मान वाकडी करून फटीतून बघतात. झोपेतले तास धरायचे नाहीत. आणि सासूबाईंवर चिडू नकोस, त्यांना वेचायला बसव.

निसर्गोपचार_कराड
त्रिफळ्याच्या पाण्याने रोज डोळे धुवा आणि गाजर द्या. सहा महिन्यांत चष्माही सुटेल.

ऑप्टोमेट्रिस्ट_मिरज
गाजर जरूर खाऊ दे, पण नंबर बुबुळाच्या आणि डोळ्याच्या आकारामुळे येतो, गाजराने आकार बदलत नाही. घरी कालवलेलं पाणी डोळ्यांत घालू नका, जंतुसंसर्गाची केस आमच्याकडेच येते.

ऑपरेशन तिरळेपणात स्नायूंचं करतात. हिचे डोळे सरळच आहेत, तिथे करणार काय? आणि तिरळेपणाचं ऑपरेशन झालेल्या मुलांनाही आळशी डोळ्यासाठी चष्मा आणि पट्टी लागतेच.

सासूबाईंची भीती अगदीच पोकळ नाही. पट्टीने चांगल्या डोळ्याची नजर कधीकधी थोडी उतरते, बहुधा परत येते. म्हणूनच तपासणीच्या तारखा चुकवू नका आणि तास स्वतःच्या मनाने वाढवू नका. ६/३६ ला सहा तास बरोबर आहेत, नजर सुधारली की डॉक्टर कमी करतील. मध्यम आळशी डोळ्याला बहुतेक वेळा दोन तासही पुरतात. पट्टी अजिबातच टिकली नाही तर चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचा थेंब घालून तो धूसर करण्याचाही मार्ग आहे, तो डॉक्टरांना विचारा. सुधारल्यावर एकदम बंद करू नका, नजर पुन्हा उतरू शकते. सात वर्षांच्या आत प्रतिसाद चांगला मिळतो, तुमच्या हातात वेळ आहे.

दुकानातल्या मशीनबद्दल: लहान मुलं डोळ्यावर ताण देऊन प्लस नंबर लपवतात, तो ताण सैल करायला ते मलम. धाकटं भावंड असेल तर त्याचेही डोळे दाखवून घ्या. आणि इतर वाचणाऱ्यांसाठी, फोटोत मुलाच्या एका बाहुलीत पांढरी चमक दिसली तर थांबू नका, लगेच दाखवा. रांजणवाडी गरम शेकाने बरी होईल, ही चमक होणार नाही.

आर्याची_आई, कोरेगाव
आजी, आमच्याकडे बेदाणा नाही, पण वाघ्या घेवडा पोत्याने आहे. काल सासूबाईंनी परातीत घेतला आणि हिला पट्टी लावून समोर बसवलं. "खडे तू काढ, मला मेलीला दिसत नाहीत." पन्नास मिनिटं पट्टीला हात लावला नाही. मध्येच एक दाणा डोळ्याशी धरून म्हणाली, "याच्यावर रेघा आहेत!" घेवडा ती जन्मापासून खातेय.

आज त्याची उसळ केली. दोन खडे माझ्या दाताखाली आले.