जुन्या लाकडाच्या भेगा आधी बुजवा
"जुनं सागवान ठोकलं की खुराड्याकडे पुन्हा बघावं लागत नाही" असं कोंबड्यांचा खुराडा जुन्या लाकडाचा बांधण्याच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते मजबुतीपुरतं खरं. आमचा खुराडाही घराच्या उतरवलेल्या वाशांचा आणि रिपांचा आहे. चार पावसाळे काढले, एक सांधा हललेला नाही. पण भेगांचा विषय कुणीच काढला नाही. दुसऱ्या वर्षी कोंबड्या तिन्हीसांजेला आत शिरायलाच तयार होईनात, तुरे फिके पडले, अंडी घटली. दिवसा पाहिलं तर काहीच नाही. रात्री बॅटरी घेऊन गेलो, बसायच्या दांडीखाली पांढरा कागद घासला, तर त्यावर रक्ताचे बारीक फराटे. तांबडे माइट, म्हणजे अगदी बारीक किडे! दिवसभर भेगांत, खिळ्यांच्या जुन्या भोकांत दडतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात.

म्हणून ठोकण्याआधीच प्रत्येक भोकात लांबी (पुट्टी) भरा, वर चुन्याचे दोन हात द्या. आणि दांडी खिळ्याने पक्की करू नका हो, खाचेत नुसती बसवा. मग महिन्याला काढून टोकांवर उकळतं पाणी ओतता येतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त माइट त्या टोकांशीच सापडले.