टोन्ड व्हायचंय, पण गंगावेशीचं दूध सुटंना

शिरोलीचा_भावा

नमस्कार मंडळी. वय ३४, उंची ५ फूट ८, वजन ७८. एमआयडीसीत काम आहे पण खुर्चीवरचं, दिवसभर कॉम्प्युटर. चार महिने झाले जिम लावून, आठवड्यातनं पाच दिवस जातोय, दंड जरा भरल्यागत वाटतायत पण पोट आहे तिथंच आणि वजन उलट दोन किलोनं वाढलंय. बाहेरचं खाणं न्हाई ओ, सगळं घरचं आणि ताकदीचंच. सकाळी पोहे नाहीतर उप्पीट, गुळाचा चहा (साखर बंद केली), दुपारी डब्यात तीन चपात्या भाजी भात, संध्याकाळी जिम झाली की कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध अर्धा लिटर, आणि रात्री आई बदाम खसखस वाटून थंडाई देती कारण आजोबा तालमीतले, त्यामुळं आमच्या घरात दूधतूप सोडणं म्हणजे पापच. बुधवार रविवार मटण. रविवारी सकाळी मिसळ, ती सोडा म्हणू नका.

जिममधला पोरगा म्हणतोय प्रोटीन पावडरचा डबा घे. मला रोजच्या जेवणातच काय बसतंय ते सांगा. ओट्स, ब्रोकोली, अ‍ॅव्होकॅडोवाल्यांनी लांबूनच नमस्कार करावा.

कट_मारके

टोन्ड व्हायचंय तर टोन्ड दूध पी की लेका, हाय काय नि न्हाय काय.

जुनी_लाल_माती

वरचा चेष्टा करतोय पण बरोबर बोललाय. भावा मी स्वतः तालमीत नऊ वर्षं काढली. पहाटे चारला उठायचं, जोर, बैठका, मग माती उकरायची, मग लढती, परत संध्याकाळी तेच. अंगातनं घाम असा गळायचा की लंगोट पिळून वाळत घालायचा. त्यावर ते दूध, ती थंडाई, ते तूप जिरायचं. तू ५० मिनिटं जिममध्ये, त्यातली १५ मोबाईलवर (राग मानू नको, माझा पोरगापण तसलाच) आणि खुराक पैलवानाचा.

माझंच सांगतो. लग्नानंतर कुस्ती सुटली, खुराक सुटला न्हाई. वजन ७४ वरनं ९६ वर गेलं, आणि घरातले म्हणायचे अंग कसं सुटलंय, खात्यापित्या घरचं दिसतंय. म्हशीच्या दुधात फॅट सहा सात टक्के असतंय, अर्धा लिटर म्हणजे पाचशेच्या वर कॅलरी एका बैठकीत, वर साखर घातली असशील तर ती वेगळी. थंडाई धरून ते एक जेवणच झालं की, आणि वर परत तू जेवतोयस. दूध वाईट न्हाई, माप चुकलंय. गंगावेशीत जा पण एक पेला, बिनसाखरेचा, आणि थंडाई रोज न्हाई, सणावाराला.

भाकरी_ठेचा

लाल माती दादांशी सहमत. (मी बाईच आहे हं, पण कोल्हापूरची, म्हणून 'आलो गेलो'च लिहिणार.) मी दोन पोरं झाल्यावर दीड वर्षात ११ किलो कमी केलो, पावडर न घेता.

आधी एक समजून घे, टोन म्हणजे वेगळं काय नसतं, खाली स्नायू पाहिजे आणि त्याच्यावरची चरबी कमी पाहिजे. नुसते क्रंचेस मारून पोटाचीच चरबी जात नाही, ती सगळ्या अंगातनं हळूहळू जाते. स्नायूला प्रोटीन लागतं, आणि तुझ्या यादीत बघ, सकाळी पोहे दुपारी चपाती भात, प्रोटीन कुठाय? आयसीएमआर (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) साध्या माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम सांगते, व्यायाम करणाऱ्याला १.२ च्या पुढं धरतात, म्हणजे तुला ९० च्या आसपास.

ते घरातच आहे सगळं. पोह्याच्या जागी तीन उकडलेली अंडी, एकात सहा ग्रॅम. पोहे पाहिजेतच तर अर्धी प्लेट आणि बाजूला मोड आलेली मटकी. दुपारी चपात्या दोन, भात मूठभर, आणि डाळ दाट. आमच्यात उडदाचं घुटं (घोटलेली दाट डाळ) असतं ज्वारीच्या भाकरीबरोबर, त्याच्यासारखं पोटाला धरून राहणारं दुसरं काय नाही, फक्त वरनं तेल सोडू नकोस. हुलगं, मूग, चवळी, आलटून पालटून. चार वाजता मूठभर फुटाणे. शेंगदाणे चांगले पण ते चरत बसू नकोस, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत, आणि आपल्याकडं भाजीतपण कूट, कोशिंबिरीतपण कूट, चटणीतपण कूट.

आणि चक्का! श्रीखंडाचाच, पण साखर न घालता. गायीच्या दुधाचं दही रात्री फडक्यात टांगायचं, सकाळी जिरं मीठ घालून खायचं. लोक तेच ग्रीक योगर्ट म्हणून डबीतनं महाग घेतात.

किडनीचा वगैरे त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरला विचार.

शिरोलीचा_भावा

ताई लई भारी सांगितलासा. दोन शंका. गुळाचा चहा चालतोय न्हवं? आणि मटणाचं काय, मी तांबडा रस्सा कमी करून पांढराच पितोय, तो हलका असतोय म्हणून.

भाकरी_ठेचा

गूळ काय आणि साखर काय, कॅलरीला सारखंच धर. दिवसात किती कप होतात मोज एकदा.

पांढरा हलका?? अरे त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ. दिसायला साधा, आत सगळा माल. हलकं पाहिजे तर आईला सांग फोडणीच्या आधीच आळणी (मटण शिजल्याचं बिनतिखटाचं पाणी) काढून ठेव, लहान पोरांना देतो ते. एक वाटी आळणी, नळी सोडून मांसाचे पाच सहा तुकडे, तांबड्यावरचा तवंग बाजूला करून एक वाटी, भाकरी दीड. रात्रीचं मटण दुपारी कर.

जुनी_लाल_माती

पावडर घेतलास तरी ते बहुतेक दुधाचंच प्रोटीन असतंय, विष न्हवं, पण आधी अंडी मटकी तर खाऊन बघ. आणि जिममध्ये पायाचा दिवस चुकवू नको. बैठका मारतोयस का न्हाई ते लिहिलं न्हाईस, त्यावरनंच वळखलं.

शिरोलीचा_भावा

दादा पकडलासा.

काल आईला सांगितलं थंडाई बंद. ती काय बोलली न्हाई, रात्री दुधाचा पेला तेवढा लहान आला, पण वर बदाम किसलेला होता. हळूहळू जमंल. दही टांगलंय, आजोबांचं जुनं धोतर फाडून.

कट_मारके

ते सगळं हूंदे, रविवारी मिसळीला हाईस का न्हाईस? तुला फरसाण कमी, मटकी जादा, कट वायला आणि ब्रेड दोनच सांगतो. उरलेली स्लाइस मी बघतो.