शेवगा, हळद आणि सिकलसेल : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

आप्पा, ए-१०२: सुप्रभात 🙏 पुढे आलेला मेसेज टाकतो आहे. "सिकलसेलच्या रुग्णांसाठी वरदान. शेवग्याच्या पानांची पावडर, हळद-मिरी आणि गव्हांकुराचा रस. ४० दिवसांत अंगातली सूज जाते, रक्त शुद्ध होतं, गोळ्या कायमच्या बंद."

आप्पा, ए-१०२: मनीषा, तुझ्या लेकीची आठवण झाली गं. बघ काही उपयोग होतो का.

मनीषा, बी-४०३: आप्पा, आठवण ठेवलीत, खूप बरं वाटलं. शेवगा आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होतोच, हळद तर रोजच्या भाजीत. पण सगळ्यांना हात जोडून सांगते, त्यातलं "गोळ्या कायमच्या बंद" हे कुणी पुढे पाठवू नका. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडे असे मेसेज वाचून लोक खरंच गोळ्या सोडतात. मग महिन्या-दोन महिन्यांत पोराला उचलून दवाखाना गाठायची वेळ येते.

वैशाली, ए-३०४: मनीषाताई, विचारू का? सिकलसेल म्हणजे रक्त कमी असणं ना? मग सुजेचा काय संबंध?

मनीषा, बी-४०३: रक्त कमी असतं, पण लोह कमी म्हणून नाही गं. हिमोग्लोबिनच्या घडणीतच जन्मजात दोष असतो. ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे ठणका. माझी लेक आठ-नऊ महिन्यांची असताना हातापायांचे पंजे फुगले होते तिचे, बोटं नुसती टम्म. घरचे म्हणत होते थंडी बाधली. ती पहिली खूण होती.

संदीप, सी-२०१: मी लॅबमध्ये असतो म्हणून थोडी भर घालतो. चांगली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. फुटली की आतलं हिमोग्लोबिन मोकळं रक्तात येतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. वाहिन्या आकसतात, त्यांचं आतलं अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी तिथे जाऊन चिकटतात. म्हणून रुग्णाला दुखत नसतं त्या दिवशीही आत सूज धुमसत असते. आप्पांच्या मेसेजमधला सुजेचा मुद्दा हवेतला नाही. ४० दिवसांत बरं होण्याची गोष्ट मात्र खोटी आहे. दोष जनुकात आहे, रस पिऊन तो बदलत नाही.

आप्पा, ए-१०२: पण हळद सुजेवर चालते हे तर आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलोय की.

मनीषा, बी-४०३: आप्पा, भाजीतली हळद, रात्रीचं हळद-दूध, त्याला कुणाचीच ना नाही. प्रश्न येतो तो कॅप्सूलचा. हळदीतलं कर्क्युमिन अंगात फार कमी शोषलं जातं, म्हणून त्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. तो अर्क इतर औषधांच्या शोषणातही ढवळाढवळ करतो. त्यात सिकलसेलच्या मुलांना पेशी सतत फुटत राहिल्याने पित्ताशयात खडे होतात. खडे असताना हळदीचा जास्त डोस घेऊ नये, आणि अशा कॅप्सूलने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, स्वयंपाकात पडते तेवढीच हळद.

किरण, सी-५०२: आणि आपली काळी द्राक्षं? द्राक्षबीच्या कॅप्सूलची जाहिरात सारखी येते मला.

संदीप, सी-२०१: द्राक्षाच्या सालीत रेझव्हेरेट्रॉल असतं. त्याने बाळपणीचं हिमोग्लोबिन, म्हणजे जन्माआधी असतं ते, वाढतं, असं प्रयोगशाळेत पेशींवर दिसलंय. रुग्णाच्या अंगात तेवढी मात्रा द्राक्षं खाऊन जाणार नाही. हंगामात धुऊन खुशाल खा, पण औषध म्हणून नको.

वैशाली, ए-३०४: मग पूरक म्हणून कशाचाच उपयोग नाही?

मनीषा, बी-४०३: असं नाही गं. फॉलिक अ‍ॅसिड तर रोजचंच, नवीन पेशी सतत बनवाव्या लागतात म्हणून. ड जीवनसत्त्व या मुलांत बऱ्याचदा कमी निघतं, ते तपासून देतात. ओमेगा-३ वर सुदानमध्ये मुलांवर आणि तरुणांवर चाचणी झाली होती, २०१३ मध्ये छापून आली. त्यात दुखण्याचे झटके कमी झालेले दिसले. ते माशाच्या तेलातलं ओमेगा-३ होतं हं. जवसाच्या चटणीतलं वेगळं, त्यातलं अगदी थोडंच शरीर त्या रूपात बदलू शकतं. एल-ग्लुटामिन नावाची पावडर आहे, तिला अमेरिकेत २०१७ मध्ये औषध म्हणून मान्यता मिळाली, पाच वर्षांच्या पुढच्यांसाठी.

संदीप, सी-२०१: ग्लुटामिनच्या चाचणीचे आकडे सांगतो. ४८ आठवड्यांत ज्यांना पावडर दिली त्यांना मध्यकाने ३ झटके आले, औषध नसलेली नुसती पूड दिलेल्यांना ४. फायदा आहे, पण एवढाच. जिममध्ये मिळणाऱ्या डब्यातलं ग्लुटामिन मुलाला स्वतःच्या मनाने चालू करू नका, मूत्रपिंड आणि यकृत बघून डॉक्टर ठरवतात.

मनीषा, बी-४०३: आणि हे सगळं हायड्रॉक्सीयुरियाच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. ही गोळी बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते, ते विळ्यासारखं वाकत नाही. शिवाय चिकटणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी करते, म्हणजे सुजेवरचं खरं औषधही तीच. फक्त रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करावी लागते. "ही कॅन्सरची गोळी" म्हणून नातेवाइकांनी मला खूप घाबरवलं होतं. कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं, पण सिकलसेलमध्ये ती गेली कित्येक वर्षं दिली जाते. माझी लेक पाचवीपासून घेतेय. पूर्वी दर पावसाळ्यात अ‍ॅडमिट व्हायची, आता सहलीला जाते.

सुनंदा, बी-१०१: गूळ-शेंगदाणे, बीट, खजूर देतेस ना गं? रक्त वाढतं.

मनीषा, बी-४०३: काकू, लाडू तुम्ही द्या, ती आवडीने खाते 😊 लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक मात्र फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेलं लोह, तपासल्याशिवाय नको. वारंवार रक्त चढवलेल्या मुलांत लोह आधीच साठलेलं असतं, ते यकृतात आणि हृदयात जाऊन बसतं. हिमोग्लोबिन आठ दिसलं की दुकानदार लगेच लाल टॉनिक हातात ठेवतो, तिथे "सिकलसेल आहे" हे आधी सांगायचं.

मनीषा, बी-४०३: वैशाली, तू शाळेत शिकवतेस म्हणून तुला मुद्दाम सांगते. सगळ्या पावडरींपेक्षा मोठं पूरक म्हणजे पाणी. या मुलांची मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून त्यांना सारखं जावं लागतं आणि पाणीही जास्त लागतं. एका शाळेत लेकीला तासाला उठू देत नव्हते. मग ती पाणीच प्यायची नाही, आणि संध्याकाळी पाय धरून रडायची. तुझ्या वर्गात असं मूल असेल तर बाटली बाकावर ठेवू दे आणि न विचारता जाऊ दे.

वैशाली, ए-३०४: ताई, उद्याच स्टाफरूममध्ये बोलते. आमच्याकडे दिंडोरी-पेठची मुलं आहेत, कुणाला असेल तर आम्हाला माहीतही नसेल.

मनीषा, बी-४०३: पीटीला दम लागेपर्यंत पळवू नका आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या प्रार्थनेला स्वेटर काढायला लावू नका. नाशिकची ती थंडी या मुलांना बाधते. आपल्या इथल्या तलावातही मी तिला हिवाळ्यात उतरू देत नाही, गार पाण्याने झटका येतो. आणि १०१च्या वर ताप गेला की घरी काढा उकळत बसायचं नाही. जंतूंशी लढणारी प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरतो. सरळ दवाखाना.

आप्पा, ए-१०२: मनीषा, तो मेसेज मी काढून टाकतो. दुसऱ्या ग्रुपवरही टाकला होता, तिथे तुझं हे सगळं पाठवू का?

मनीषा, बी-४०३: पाठवा आप्पा, लेकीचा उल्लेख तेवढा वगळा.

किरण, सी-५०२: ताई, आमचं मूळ गाव कळवण, तुमच्या सुरगाण्याच्याच बाजूचं. मोठ्या दादाचं लग्न ठरतंय, साखरपुडा पुढच्या महिन्यात. घरात कुणाला त्रास नाही. तरी तपासणी करायची का?

संदीप, सी-२०१: नक्की कर. वाहकाला, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेल्याला, सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून घरात कळत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. आधी सोल्युबिलिटी, म्हणजे सिकलसेलची झटपट चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी, म्हणजे कोणतं हिमोग्लोबिन किती हे मोजणारी. एचपीएलसीत थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा जन्मजात दोषही कळतो, म्हणून मी तर सरळ तीच करायला सांगेन. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी मोफत होते. २०२३ पासून देशभर मोहीम चालू आहे, ४० वर्षांपर्यंतच्यांसाठी.

किरण, सी-५०२: मुलीकडच्यांना कसं सांगायचं? गैरसमज होईल.

मनीषा, बी-४०३: त्यांना आत्ता काहीच सांगू नकोस. आधी दादाची तपासणी करा. रिपोर्ट पूर्ण नॉर्मल आला, एए म्हणजे सिकलचा दोष नाही आणि थॅलेसेमियाही नाही, तर होणाऱ्या बाळाला सिकलसेल होण्याचा प्रश्नच उरत नाही, मुलगी वाहक असली तरी. दादा एएस, म्हणजे वाहक, निघाला किंवा थॅलेसेमिया दिसला तर मग मुलीची तपासणी लागेल. तेव्हा मला फोन कर. तिच्या आईशी मी बोलते.

किरण, सी-५०२: चालेल ताई. शनिवारी दादा गावाहून येतोय, त्याच दिवशी नेतो. उपाशीपोटी लागतं का हो?

संदीप, सी-२०१: नाही, जेवून आला तरी चालेल. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तेवढं आधी सांग.