तालुक्यातलं रात्री चालणारं एकमेव इस्पितळ बंद झालं. आता इमर्जन्सीचं काय?

घाटपायथा
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी रात्री सिझेरियन होईल असं एकच ठिकाण होतं, 20 खाटांचं खासगी इस्पितळ. ते बंद झालं. डॉक्टरांचं वय झालं, बाहेरून येणारे भूलतज्ज्ञ यायचे थांबले, पुढे चालवायला कोणी नाही. 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे, पण भूलतज्ज्ञाचं पद रिकामं म्हणून ऑपरेशन थिएटरला कुलूप. रक्त साठवायचा फ्रीज आहे, त्यात रक्त नाही. जिल्हा रुग्णालय 72 किलोमीटरवर, मध्ये घाट. कोरड्या दिवसांत पावणेदोन तास, पावसाळ्यात काही सांगता येत नाही. 108 ची तालुक्याला एक गाडी.

काही सरपंच मिळून "इस्पितळ पुन्हा सुरू करा" असं निवेदन द्यायचं म्हणतात. त्याला "पाहतो" यापलीकडे उत्तर मिळेल असं वाटत नाही. नेमकं काय बिघडलंय आणि आहे त्या माणसांत काय दुरुस्त होईल, हे जाणकारांनी सांगावं. इथल्या केसेस म्हणजे साप, अडलेली बाळंतीण, छातीत दुखणं आणि घाटातले अपघात.

रात्रपाळी एमओ
निवेदनात आधी गाडीचा हिशेब मांडा. जायला पावणेदोन तास, तिथे रुग्ण ताब्यात घेऊन स्ट्रेचर मोकळं होईपर्यंत पाऊण तास, यायला पुन्हा पावणेदोन. म्हणजे एका फेरीत सव्वाचार तास तालुक्यात 108 नाही. आधी यातल्या बऱ्याच केसेस तालुक्यातच थांबायच्या आणि गाडी तासाभरात मोकळी व्हायची. आता साध्या पोटदुखीचा रुग्ण गाडी घेऊन घाट चढतो आणि मागून आलेला सर्पदंश जीपमधून निघतो. इस्पितळ बंद झाल्याचा पहिला फटका हा, आणि तो कुठल्याच कागदावर दिसत नाही.

स्थिर रुग्णाला 102 किंवा रुग्णालयाची स्वतःची गाडी द्यावी, सोबत सिस्टर. 108 श्वास, रक्तस्राव आणि झटके यांच्यासाठी राखावी.

आता साप. सर्पदंशाची लस न देता रुग्ण घाटात पाठवणं थांबलं तरी निम्मं काम झालं. पाठवतात ते रिॲक्शनच्या भीतीने, लस नसते म्हणून नव्हे. दंशाच्या वर आवळून बांधलेलं असलं तर ते लस सुरू झाल्यावर हळूहळू सोडायचं. 2 मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्या, 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवा आणि मग तिरकी करा. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलंय. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि लस विनाकारण जाते. अशा 10 नळ्या वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर "धुऊ नये" लिहा.

पहिला डोस 10 व्हायल्स, सलाईनमधून साधारण तासाभरात. लहान मुलालाही तेवढाच, कारण सापाने विष वजन बघून टोचलेलं नसतं. त्वचेवर टेस्ट डोस करू नये, त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी अॅड्रेनॅलिन 0.5 मिली सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं (हे मोठ्यांसाठी). अंगावर गांधी, धाप किंवा बीपी पडलं की ते मांडीच्या स्नायूत द्यायचं, लस थांबवायची आणि सावरल्यावर हळू वेगाने पुन्हा सुरू करायची. सहा तासांनी नळीची चाचणी परत करायची. तरी गोठत नसेल तर पुन्हा लस, म्हणून घोणशीच्या एका रुग्णामागे 20 व्हायल्स तरी हाताशी हव्यात. पावडरची लस असेल तर फ्रीज बंद पडल्याची भीती राहत नाही.

मण्यारीत फसगत होते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो. दंशाची खूण नाही, सूज नाही, नळीतलं रक्तही व्यवस्थित गोठतं. पापण्या जड झाल्यात का ते बघा. झाल्या असतील तर लस, आणि सगळ्यात महत्त्वाची अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). मण्यारीचा रुग्ण श्वास थांबून जातो. बॅग दाबणारा हात गाडीत नसेल तर लस देऊनही उपयोग नाही.

लेबर रूम इन्चार्ज
वरचं सगळं पटलं, पण बाळंतिणीला सव्वाचार तास सोडा, दोन तासही नसतात. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात आला नाही तर खेळ तेवढ्या वेळातच संपतो. म्हणून पाठवायच्या आधी इथे काय केलं ते महत्त्वाचं.

बाळ बाहेर आलं की लगेच ऑक्सिटोसिन 10 युनिट स्नायूत. ते 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं असतं. ट्रेमध्ये उघड्यावर पडून राहिलेल्या अँप्यूलची ताकद कमी होत जाते, आणि "इंजेक्शन देऊनही थांबलं नाही" यामागे हेही असू शकतं. तरी रक्त चालू असेल तर लघवीची पिशवी रिकामी, गर्भाशयाचा मसाज, दोन जाड कॅन्युला, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड 1 ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत. हे तीन तासांच्या आत दिलं तरच कामाचं. त्यानंतर कंडोम बलून: कॅथेटरवर कंडोम धाग्याने घट्ट बांधून आत सरकवायचा आणि 300 ते 500 मिली सलाईन भरायचं. गाठ सैल राहिली तर घाटाच्या दुसऱ्या वळणावर सलाईन गळतं, म्हणून दोन गाठी मारा आणि आत घालण्याआधी भरून बघा.

झटके असतील तर मॅग्नेशियम सल्फेट. 1 ग्रॅमच्या 2 मिलीच्या पाच अँप्यूल एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात, लांब सुईने खोलवर. हा पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरही देऊ शकते. डॉक्टरची वाट बघत बसू नये.

रक्ताचा फ्रीज रिकामा का, हे विचाराच. उत्तर तीनपैकी एक असतं: अन्न व औषध प्रशासनाची मान्यता संपलेली, जिल्ह्याच्या रक्तपेढीशी करार नाही, किंवा क्रॉसमॅच (रक्त रुग्णाशी जुळतं का ही तपासणी) करणारा तंत्रज्ञ फक्त दिवसपाळीला. तिन्ही कागदावरची कामं आहेत, यंत्र नवीन लागत नाही.

आणि ज्यांना त्रास होणार हे आधीच ठाऊक आहे त्यांना तारखेच्या आठवडाभर आधी जिल्ह्याच्या गावी नेऊन ठेवा: आधीचं सिझर, जुळं, आडवं मूल, हिमोग्लोबिन 7 च्या खाली, वाढलेलं बीपी. आदिवासी भागात माहेरघर योजना आहे, तिथे जेवणाखाण्यासह राहायची सोय होते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आशाताईंकडून अशी यादी घ्या.

लालदिवा
108 वर काम करणाऱ्यांच्या बाजूने थोडं. गाडी तालुक्यात अडवून ठेवणं गावाच्या हातात नाही, ते नियंत्रण कक्ष ठरवतो. पण स्थिर रुग्णासाठी 108 ला फोनच करू नये, हे रुग्णालयाच्या हातात आहे. 2014 ला सेवा सुरू झाली तेव्हा राज्यात 937 गाड्या होत्या, 233 अॅडव्हान्स आणि 704 बेसिक. तुमची बेसिक असेल तर व्हेंटिलेटर नाही असं धरून चाला.

ऑक्सिजनचा हिशेब कोणी करत नाही. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण 1500 लिटर. मास्कवर मिनिटाला 15 लिटर सोडलात तर 100 मिनिटं. तुमचा घाट 105 मिनिटांचा. म्हणजे रस्ता मोकळा असतानाही दवाखान्याच्या फाटकाशी सिलिंडर संपणार. दोन भरलेले हवेतच, आणि काटा निम्म्यावर असेल तर लिटरही निम्मे धरा. सिलिंडरची चावी दोरीने सिलिंडरलाच बांधा. ही चावी ड्रॉवरमध्ये सापडत नाही म्हणून किती वेळ जातो, ते लिहायची सोय नाही.

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत काढून फिजिशियनला पाठवा. अॅस्पिरिन 325 चावून, क्लोपिडोग्रेल 300. ईसीजीत मोठा झटका दिसत असेल तर गाठ विरघळवायचं औषध इथेच द्यावं, घाट चढून मग नाही. टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे एकाच वेळी 30 ते 50 मिलिग्रॅम देता येतं. स्ट्रेप्टोकायनेज 15 लाख युनिट तासभर चालवावं लागतं आणि त्यात बीपी पडतं, म्हणून ते गाडीत सुरू करू नये. पूर्वी मेंदूत रक्तस्राव, नुकतंच ऑपरेशन किंवा बीपी 180/110 च्या वर असेल तर थांबा, आधी फोन करा.

घाटपायथा
गाडीचा हिशेब डोळे उघडणारा आहे. भूलतज्ज्ञाचं काय करता येईल? आणि अपघातात खासगी दवाखाने दारातूनच परत पाठवतात, त्यावर काही?

फाईलवाला
दारातून परत पाठवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय की पोलिसी सोपस्कार नंतर, जीव आधी. आणि ते खासगी डॉक्टरांनाही लागू आहे. रस्ते अपघातात 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजनाही आहे, सात दिवसांत दीड लाखापर्यंत. पण पूर्ण उपचार ठरवून दिलेल्या रुग्णालयातच. तुमच्या तालुक्यात एकही नेमलेलं नसेल तर ती मागणी निवेदनात घाला.

भूलतज्ज्ञासाठी पद भरा म्हणू नका, ती फाईल वर्षानुवर्षं फिरते. दोन मागण्या करा. जिल्ह्यातल्या खासगी भूलतज्ज्ञाला प्रत्येक केसमागे मानधन देऊन बोलावण्याची यादी, फोनसह. आणि इथल्या एखाद्या एमबीबीएस डॉक्टरला जीवरक्षक भूल कौशल्याचं प्रशिक्षण. मात्र प्रशिक्षण झाल्यावर त्याची बदली होणार नाही हे लेखी घ्या, नाहीतर तो माणूस शहरात आणि कुलूप जागेवर.

अमेरिकेत 2023 पासून ग्रामीण इमर्जन्सी हॉस्पिटल असा एक प्रकार आहे. खाटा बंद करायच्या, कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) 24 तास चालू ठेवायची आणि त्यासाठी सरकार दरमहा ठरावीक रक्कम देतं. तिथेही प्रसूती विभाग मात्र सुटू शकतो, म्हणून नकल करायची असेल तर बघून.

निवेदनाआधी रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत संदर्भ सेवेची (रुग्ण पुढे पाठवल्याची) नोंदवही मागा. तीन रकाने नसतील तर आखून घ्या: पाठवायचं ठरलं ती वेळ, गाडी निघाली ती वेळ, कशासाठी पाठवलं. तीन महिन्यांची पानं जोडलेलं निवेदन जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या, प्रत जिल्हा परिषदेला. सरपंचांच्या सह्या त्यानंतर.

लेबर रूम इन्चार्ज
चौथा रकाना घाला, "पाठवताना काय दिलं". तो रिकामा दिसला की प्रश्न आपोआप विचारला जातो.