शब्दचर्चा : 'माजरा हरीक' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : रत्नागिरीकडे जुनी माणसं हरकाबद्दल (म्हणजे कोदो या भरडधान्याबद्दल) बोलताना 'माजरा हरीक' म्हणतात. ही हरकाची वेगळी जात आहे का? आणि खाऊन नशा येते म्हणतात ते खरं का?

उत्तर १ : आमच्या सिंधुदुर्गात वरकस जमिनीत नाचणी, वरीबरोबर हरीक असायचा. माजरा म्हणजे खाल्ला की माणूस माजतो तो, म्हणजे गरगरतं, ओकाऱ्या होतात, हातपाय कापतात. चांगल्याला गोडा म्हणायचे.

उत्तर २ : शब्द फार जुना आहे हो. संस्कृतात हरीक म्हणजे कोद्रव आणि बाधणारा तो मदनकोद्रव. जैन आचार्य पूज्यपादांच्या 'इष्टोपदेशा'त मोहाने झाकलेल्या ज्ञानाला मदनकोद्रव खाऊन मत्त झालेल्या माणसाची उपमा दिलीय, म्हणजे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ही बाधा माहीत असणार तेव्हाच ना. आयुर्वेदात मदात्ययाच्या (मद चढून होणाऱ्या विकाराच्या) प्रकरणात या बाधेवर गूळ घातलेला कोहळ्याचा रस सांगितलाय, आणि तिथेच धोतऱ्याच्या मदावर साखर घातलेलं दूध. मद, माज, माजणे, माजरा सगळी एकाच घरातली मंडळी.

उत्तर ३ : जात वगैरे नाही, ही बुरशी आहे. पीक तयार झालं आणि पाऊस लागला की कणसावर अॅस्परजिलस फ्लेवस, अॅस्परजिलस टॅमरी अशा बुरश्या धरतात आणि सायक्लोपियाझोनिक अॅसिड नावाचं विष तयार करतात, ते १९८५ साली कोदोच्या विषबाधेशी जोडलं गेलं. हे विष स्नायूंच्या पेशीत कॅल्शियम आत ओढून घेणारा पंप बंद पाडतं, म्हणून कंप सुटत असावा असं मला वाटतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशात बांधवगडच्या जंगलात १० हत्ती कोदो खाऊन दगावले, त्यांच्या नमुन्यांतही बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेला हेच सापडलं.

आता नशेचं. राय धान्यावरच्या अर्गट बुरशीच्या द्रव्यावरून १९३८ साली आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य बनवलं, भास घडवणाऱ्या अळंब्यांतलं सायलोसिबिनही त्यानेच वेगळं काढलं, आणि गंमत म्हणजे अर्गटमधलं मूळ द्रव्य, सायलोसिबिन आणि हरकातलं सायक्लोपियाझोनिक अॅसिड ही तिन्ही बुरशी ट्रिप्टोफॅन या एकाच अमिनो आम्लापासून रचते. पण म्हणून हरकाला त्या रांगेत बसवू नका, सायलोसिबिनवर आज नैराश्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीत चाचण्या चालल्यात आणि इकडे माजरा हरीक म्हणजे निव्वळ विषबाधा, त्यात सुख कसलंच नाही. आपल्या लोकांनी तो कधी नशेसाठी खाल्ला नाही, घरात दुसरं धान्य नव्हतं म्हणून खाल्ला, हे लक्षात ठेवा.

प्रश्नकर्ता : मग शब्दसंग्रहात 'हरकाची नशा आणणारी जात' असं लिहिलंय ते काढतो.

उत्तर ३ : काढाच. 'बुरशी लागून विषारी झालेला हरीक' असं घाला आणि खाली लिहा की बाधा झाली तर कोहळ्याच्या रसाची वाट न बघता सरळ दवाखाना गाठावा.